पोरीला कोणी विचारलं?

‘कुठलेही आई-बाप हेच करतील.’ ‘एक अगदी साधारण कुटुंब’ अशा अर्थाचं नाव असलेली सहा भागांची स्वीडिश मालिका पाहून झाली की हे वाक्य हमखास कानावर येतं. काही जण ते कौतुकाने म्हणतात. काही जण तक्रारीच्या सुरात म्हणतात, कारण त्यांच्या मते मालिका खोटं बोलणाऱ्या, पुरावे दडवणाऱ्या आई-बापांना डोक्यावर घेते आणि प्रेमाच्या नावाखाली सगळं माफ करते. दोघेही भांडतात ते त्या प्रेमाला किती सूट द्यायची यावर. मुळात तिथे चाललंय ते प्रेमच आहे, याबद्दल दोघांना शंका नाही. माझं भांडण नेमकं तिथे आहे. ही मालिका नीट पाहिली तर तिचं म्हणणं फार कठोर आहे आणि ते कौतुक करणाऱ्यांना झोंबायला हवं, तक्रार करणाऱ्यांनाही.

ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एम. टी. एडवर्डसन या शिक्षकी पेशातल्या लेखकाची कादंबरी २०१८ साली स्वीडनमध्ये आली. पेर हानेफ्योर्द दिग्दर्शित मालिका नेटफ्लिक्सवर २४ नोव्हेंबर २०२३ रोजी आली. गोष्ट दक्षिण स्वीडनमधल्या लुंड या शहरातली. १६६६ साली स्थापन झालेलं विद्यापीठ, बाराव्या शतकातलं कॅथेड्रल, सुशिक्षित आणि सुस्थित माणसांची वस्ती. बाप आदम पाद्री, आई उलरिका फौजदारी खटल्यांत बचावाची बाजू मांडणारी वकील. त्यांची एकुलती एक मुलगी स्टेला एकोणीस वर्षांची. तिच्याहून बऱ्याच मोठ्या, पैसेवाल्या क्रिस्तोफरशी तिचं सूत जुळलेलं. त्याचा खून होतो आणि स्टेला कोठडीत जाते. त्याला कोणी मारलं आणि निकाल काय लागला, हे मी इथे सांगणार नाही. माझ्या मुद्द्याला त्याची गरजही नाही, कारण मालिकेतला पहिला गुन्हा या खुनाच्या चार वर्षं आधी घडलेला आहे आणि तो तिने पहिल्याच भागात आपल्यापुढे ठेवला आहे.

स्टेला पंधरा वर्षांची असताना हँडबॉलच्या शिबिरात सहायक प्रशिक्षक तिच्यावर बलात्कार करतो. घरी हे कळतं. आणि आई-बाप ठरवतात, तक्रार करायची नाही.

हा निर्णय कसा होतो ते बघा. उलरिका घाबरट नाही, अडाणी तर नाहीच. न्यायालयात काय होतं हे तिला माहीत आहे, कारण ती रोज तिथे उभी राहते, तेही आरोपीच्या बाजूने. मुलगी आपणहून त्याच्याबरोबर गेली का, ओरडली का नाही, आधी त्याच्याशी हसून बोलत होती का, हे प्रश्न तिच्या पेशातलेच आहेत. स्वीडनमध्ये शरीरसंबंधाला संमती देण्याचं वय पंधरा आहे. पंधराच्या आतल्या मुलीच्या बाबतीत संमतीचा प्रश्नच निघत नाही. पंधरा पूर्ण झाली की निघतो. स्टेला त्या रेषेच्या अगदी अलीकडे नाही, पलीकडे आहे, आणि एवढ्याशा फरकावर अख्खा खटला कसा फिरू शकतो हे तिच्या आईइतकं कोणालाच कळणार नाही. तिथे पीडितेला सरकारी खर्चाने स्वतंत्र वकील देणारा कायदा १९८८ पासून आहे. असे खटले बंद दाराआड चालवता येतात. तरीही उलरिकाचा अंदाज चूक म्हणता येत नाही. बलात्कार सिद्ध करायला बळजबरी, धमकी किंवा असहायतेचा गैरफायदा दाखवावा लागत असे. स्वेच्छा नव्हती एवढं पुरेसं धरणारा कायदा तिथेही १ जुलै २०१८ रोजी लागू झाला, म्हणजे ही कादंबरी आली त्याच वर्षी.

तेव्हा आईचा हिशेब कायद्याच्या अंगाने बरोबर आहे, असं मी मानून चालते. पण तो हिशेब कोणी केला? उलरिकाने, आदमच्या संमतीने. जिच्यावर अत्याचार झाला ती पोरगी त्या वेळी समोर आहे आणि तिच्या मनाला कोणी किंमत देत नाही. तिला न्यायालयापासून वाचवायचं म्हणून तिचं बोलणंच काढून घेतलं जातं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण लुंडमध्ये नसेल, पण तो व्यवहार तिथे तंतोतंत होतो. मूठ झाकतात ती आई-बापांची आणि आत गुदमरते ती पोर. पुढची चार वर्षं स्टेलाचं चिडणं, रात्री-अपरात्री घरी येणं, बापाशी तुटणं, या सगळ्याकडे घर वयाचा दोष म्हणून बघतं. प्रेक्षकही तसंच बघतात, याचं मला फार वाईट वाटतं.

इथे मराठी प्रेक्षकाने एक गोष्ट लक्षात घ्यावी. आपल्याकडे उलरिकाचा हा निर्णय स्वतःच गुन्हा ठरला असता. २०१२ च्या पॉक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे अठरा वर्षांखालच्या मुलावर लैंगिक अत्याचार झाल्याचं ज्याला कळलं, त्याने पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. न कळवणाऱ्याला कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण म्हणून आपल्या घरांत मुठी झाकल्या जात नाहीत असं कोणी छातीवर हात ठेवून म्हणेल का? पाव्हण्या-रावळ्यांत बोभाटा नको, पुढे तिचं लग्न व्हायचंय, शाळेत नाव होईल, ही कारणं आपल्याला पाठ आहेत. आणि खरं सांगायचं तर आपला कायदाही मुलीला विचारत नाही. तो मोठ्यांना आज्ञा करतो. त्यामुळे तक्रार करावी की न करावी, एवढ्यावरच वाद घातला तर मालिकेचा गाभा निसटतो. त्या पोरीला सगळं खरं सांगून, सगळे धोके समोर ठेवून, तुला काय हवंय असं विचारणारं माणूस घरात होतं का, हा प्रश्न आहे. लुंडच्या त्या घरात नव्हतं.

आता दुसऱ्या खोट्याकडे येते. खुनाच्या तपासात पाद्री असलेला बाप मुलगी घरी कधी परतली त्या वेळेबद्दल पोलिसांना खोटं सांगतो, आणि कायदा कोळून प्यायलेली आई पुराव्याला हात घालते. ‘कुठलेही आई-बाप हेच करतील’ हे वाक्य इथे येतं. त्याच्या पोटात आणखी एक वाक्य असतं, की दुसरा मार्गच नव्हता. एक तर पोरीला पकडून द्यायचं, नाही तर खोटं बोलायचं.

हे धादांत चुकीचं आहे. स्वीडिश कायद्याने तिसरा मार्ग अगदी स्पष्ट लिहून ठेवला आहे. आरोपीचे आई-बाप, भावंडं, जोडीदार यांना त्याच्याविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. न्यायाधीश त्यांना हे सांगतात. त्यांनी आपणहून साक्ष द्यायची ठरवली तरी त्यांना शपथ दिली जात नाही. रक्ताच्या माणसाला खरं बोलणं किती जड जाईल हे ओळखून कायद्याने त्याच्यावरचं ओझं आधीच उतरवलं आहे. इतकंच कशाला, गुन्हेगाराला लपवण्याचा गुन्हाही जवळच्या नात्यामुळे किरकोळ ठरला तर त्याला शिक्षा नाही. आपल्या भारतीय न्याय संहितेत गुन्हेगाराला आसरा दिल्याच्या शिक्षेतून सूट आहे ती फक्त नवरा-बायकोला, आई-बापांना नाही. स्वीडनने ती मोकळीक मोठ्या मनाने दिली आहे.

म्हणजे आदमला गप्प बसता आलं असतं. ‘ती माझी मुलगी आहे, मी काही सांगणार नाही,’ एवढं म्हणून तो उठू शकला असता आणि त्याला कोणी हात लावला नसता. तरी तो खोटं बोलतो. का? कारण ती रात्री कुठे होती, कोणाबरोबर होती, हे आपल्याला ठाऊक नाही हे त्याला मान्य करवत नाही. ती वेळेवर घरी आली, आपण जागे होतो, आपण चांगले बाप आहोत, या चित्राला तडा जाऊ नये म्हणून त्याची जीभ वळते. मुलीचा बचाव होतो तो त्याच्या आडून. ब्यॉर्न बेंग्टसनने हा माणूस फार समजून उभा केला आहे. चांगुलपणा त्याच्या अंगात इतका मुरलाय की त्या चांगुलपणातच खोटेपणा कुठून शिरला हे त्याला कळत नाही.

आणि या दोघांचे पेशे लेखकाने उगीच निवडलेले नाहीत. स्वीडिश चर्चच्या पाद्र्यावर गुप्ततेचं बंधन निरपवाद असतं. कबुली म्हणून किंवा मनाचं ओझं उतरवण्यासाठी कोणी त्याला जे सांगेल, ते न्यायालयही त्याच्याकडून काढून घेऊ शकत नाही. वकिलालाही अशिलाची गुपितं जपावी लागतात. परक्यांनी विश्वासाने मन मोकळं करावं म्हणून समाजाने ज्या दोन माणसांना खास जागा दिली, ती दोन माणसं एका छताखाली राहतात. पण त्यांची स्वतःची मुलगी त्यांच्यापाशी बोलू शकत नाही. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये स्वीडनमधल्या बायकांनी पेशावार जाहीर निवेदनं काढून लैंगिक अत्याचाराविरुद्ध आवाज उठवला. कायद्याच्या क्षेत्रातल्या बायकांनी आपल्या निवेदनाला ‘कोणत्या अधिकाराने’ अशा अर्थाचं नाव दिलं होतं आणि चर्चमधल्या बायकांनी ‘प्रकाश होवो’. न्यायालय आणि चर्च, दोन्ही ठिकाणची झाकपाक बायकांनीच उघडी पाडली. वर्षभराच्या आत ही कादंबरी आली. ज्या स्वीडिश वाचकाच्या कानांत ते सगळं अजून घुमत होतं, त्याने वकील आई आणि पाद्री बापाकडे भाबडेपणाने पाहिलं असेल असं मला वाटत नाही. आपणही पाहू नये.

कौतुक करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे बहुधा ‘दृश्यम’ असतो. २०१३ चा मल्याळम चित्रपट, मग २०१५ साली निशिकांत कामतने गोव्यात आणलेला हिंदी अवतार. विजय साळगावकर हा केबलवाला बाप आपल्या कुटुंबाला पोलिसांच्या जबड्यातून सोडवतो. तिथेही मुलीवर ओढवलेलं संकट, तिथेही मृत्यू, तिथेही रचलेली वेळ. आपण सगळ्यांनी श्वास रोखून तो बाप जिंकावा म्हणून प्रार्थना केली. मलाही तो चित्रपट आवडतो. पण त्यात मुलगी काय भोगते याला जागा फार थोडी. ती थरथरते, बाप शिकवतो ते पाठ करते आणि गोष्ट बापाच्या बुद्धीची होते. स्वीडिश मालिकेला ‘दृश्यम’च्या चष्म्यातून पाहिलं की आदम आणि उलरिका कच्चे खेळाडू वाटतात आणि स्टेला कटकटी. हा चष्मा काढायला हवा. एडवर्डसनने कादंबरीचे तीन भाग केले आहेत : आधी बाप बोलतो, मग मुलगी, शेवटी आई. बाप जे ठामपणे सांगून जातो ते मुलीचं म्हणणं वाचताना ढासळतं. मालिकेने हा साचा तसाच ठेवलेला नसला, तरी मधली ती मुलगी तिने अजिबात सोडलेली नाही.

तक्रार करणाऱ्यांचा आणखी एक आवडता मुद्दा असतो. ‘तिकडे कुटुंब असं राहिलंच कुठे? मुलं मोकाट, आईचं बाहेर प्रकरण, घरात कोणी कोणाचं नाही. मग असंच व्हायचं.’ या आढ्यतेचा मला मनापासून राग येतो. एक तर हे कुटुंब विस्कटलेलं नाही. ते घट्ट आहे, इतकं की त्याच्या आत श्वास घ्यायला जागा नाही. दुसरं, स्वीडनमध्ये कुटुंबाचा विचार झालेला नाही असं म्हणणं म्हणजे काहीच माहीत नसणं. मुलांना मारण्यावर कायद्याने बंदी घालणारा जगातला पहिला देश तो, साल १९७९. बाळंतपणाची रजा फक्त आईची न ठेवता आई-बाप दोघांची करणाराही पहिला देश तो, साल १९७४. हेन्रिक बेरग्रेन आणि लार्स त्रेगोर्द या दोन इतिहासकारांनी २००६ च्या त्यांच्या पुस्तकात मांडलं, की स्वीडिश समाजाच्या मते खरं प्रेम स्वतंत्र माणसांमध्येच संभवतं. जो दुसऱ्यावर अवलंबून आहे त्याच्या प्रेमाची खात्री कशी द्यायची? म्हणून बायको नवऱ्यावर, मूल आई-बापांवर, म्हातारी माणसं मुलांवर अवलंबून राहू नयेत अशी व्यवस्था राज्याने उभी केली. पटो न पटो, हा कुटुंबाचाच विचार आहे, आणि खोल आहे.

मालिकेची धार या पार्श्वभूमीवर कळते. आदम-उलरिकाने मुलीवर कधी हात उचलला नसेल. तिचं शिक्षण, तिची मैत्रीण, तिचा खेळ, सगळं त्यांनी मानलं. व्यक्तिस्वातंत्र्याची एवढी तालीम झालेल्या समाजातसुद्धा, पोरीच्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या क्षणी, तिच्यासाठी निर्णय घेऊन टाकले गेले. स्वीडिश लेखक हे आपल्या लोकांना तोंडावर सांगतो आहे. आपण मात्र त्याचा पुरावा करून ‘बघा, आमचंच बरं’ म्हणतो.

स्टेला आवडत नाही, उद्धट आहे, स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेते, असंही ऐकते. अलेक्सांद्रा कार्लसन तीरेफोर्स या तरुण नटीने तिला गोड केलेलं नाही हे खरं आहे, आणि त्याबद्दल तिचे आभार मानायला हवेत. अत्याचार झालेली मुलगी आपल्याला रडवेली, नम्र, मदत मागणारी हवी असते. ही कोठडीत तोंड मिटून बसते. ती कोठडी काय असते हेही समजून घ्या. स्वीडनमध्ये पैसे भरून जामीन मिळण्याची सोय नाही. संशयिताने पुरावे बिघडवू नयेत म्हणून सरकारी वकील न्यायालयाच्या परवानगीने त्याच्यावर निर्बंध लावतो : भेटी बंद, फोन बंद, पत्रं बंद, कधी वर्तमानपत्रंही बंद. खोलीत एकटं राहायचं. दिवसातून तासभर मोकळ्या हवेत, तेही बहुतेकदा इमारतीच्या गच्चीवरच्या जाळीबंद चौकात. युरोप परिषदेची छळ-प्रतिबंधक समिती १९९० च्या दशकापासून स्वीडनला यावरून बोल लावत आली आहे. अशा कोठडीला कमाल मुदतच नव्हती. ती आली १ जुलै २०२१ रोजी, आणि तीसुद्धा प्रौढांसाठी नऊ महिन्यांची. एकोणीस वर्षांची मुलगी त्या खोलीत आहे, आई-बापांना तिला भेटता येत नाही, आणि बाहेर ते दोघे तिच्या वतीने पुन्हा एकदा सगळं ठरवताहेत. पंधराव्या वर्षी तिचं मौन तिच्यावर लादलेलं होतं. आता ते तिचं स्वतःचं आहे, तिच्या हातात उरलेली एकमेव गोष्ट. तिला ‘बोल ना बाई एकदाचं’ म्हणणाऱ्या प्रेक्षकाने आपण कोणाची भाषा बोलतोय ते ऐकावं.

मालिका निर्दोष आहे असं माझं म्हणणं नाही. आईचं ज्या सहकारी वकिलाशी प्रकरण, तोच मुलीचा बचाव करायला येतो, हे कथानक ओढूनताणून जुळवल्यासारखं वाटतं. क्रिस्तोफर फार लवकर ओळखू येतो. संथ आहे म्हणणाऱ्यांना मात्र एवढंच सांगेन, की याच देशात १९७३ साली इंगमार बर्गमनने एका लग्नाची सहा भागांची मालिका दूरदर्शनवर दाखवली होती आणि तिच्यात बहुतेक वेळ दोन माणसं नुसती बोलत असतात. बंद खोलीत घर कसं मोडतं ते थांबून पाहण्याची सवय तिथल्या पडद्याला जुनी आहे.

उरला खरा आक्षेप, जो मला प्रामाणिक वाटतो. मग त्या आई-बापांनी करायचं काय होतं? खुनाच्या वेळी काय करायला हवं होतं ते वर लिहिलं : गप्प बसायचं होतं, तो हक्क त्यांना होता. आधीच्या प्रसंगी मुलीपुढे सगळं मांडून तिला ठरवू द्यायचं होतं, आणि त्या दिवशी तिला ठरवता आलं नसतं तर थांबायचं होतं. थांबायलाही स्वीडनच्या कायद्यात जागा होती. पीडित व्यक्ती अठराच्या आतली असेल, तर अशा गुन्ह्याची मुदत, २०२० साली ती मुदतच काढून टाकेपर्यंत, ती व्यक्ती अठरा पूर्ण करते त्या दिवसापासून मोजली जात असे. स्टेला सोळाची झाली, सतराची झाली, अठराची झाली. यातल्या कुठल्याही दिवशी उलरिका, जिला ही तरतूद झोपेतही सांगता आली असती, मुलीच्या खोलीचं दार वाजवून म्हणू शकली असती की अजून वेळ गेलेली नाही, तुला हवं असेल तर मी बरोबर येते. खुनाचा खटला चालू असतानाही ती मुदत संपलेली नव्हती. निकाल बरोबर की चूक, आईने पुराव्याला हात लावायला हवा होता की नको, यावर तावातावाने वाद घालणाऱ्यांपैकी त्या शिबिरातल्या प्रशिक्षकाचं पुढे काय झालं असं विचारणारा एकही जण मला अजून भेटलेला नाही.